रग्बीत खेळाडूंना सारखं आत-बाहेर करू द्यावं का? रोलिंग सब्स्टिट्यूशनचा वाद, सोप्या भाषेत

आजच्या भागाचं हे शब्दांकन. लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठीही. बोलताना झालेलं "म्हणजे... म्हणजे..." तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय रग्बीचा. कधी रग्बी पाहिली नसेल तरी थांबा, पळू नका. प्रश्न अगदी साधा आहे. सामना चालू असताना दमलेल्या खेळाडूला बाहेर बसवायचं, दम खाऊ द्यायचा आणि परत आत पाठवायचं. हॉकीत हे सर्रास चालतं. मग रग्बीत का नको?

वरवर बघितलं तर यात भांडण्यासारखं काही नाही. पण या एका नियमावर बरंच काही अवलंबून आहे. संघात कसल्या अंगकाठीची माणसं घेतली जातील, छोटे क्लब टिकतील का, आणि खेळाडूंच्या डोक्याला किती मार बसेल, हे सगळं त्यात येतं. म्हणून जरा मुळापासून बघू.

रोलिंग म्हणजे नेमकं काय?

खेळाडू बदलण्याच्या दोन पद्धती असतात. एक फुटबॉलसारखी. बाहेर गेलात की त्या दिवसापुरता तुमचा खेळ संपला. दुसरी हॉकीसारखी. बाहेर या, पाणी प्या, पाच मिनिटांनी परत आत जा, पुन्हा बाहेर या. मोजदादच नाही. या दुसऱ्या पद्धतीला रोलिंग सब्स्टिट्यूशन म्हणतात.

आपल्या कबड्डीतही बदली झालेला खेळाडू परत येऊ शकतो. पण तिथे एक मेख आहे. जो बाद होऊन बाहेर बसलाय, त्याच्या जागी ताजा माणूस आणता येत नाही. म्हणजे बदलीची मोकळीक आहे, पण ती खेळाचा गाभा मोडणार नाही इतपतच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता रग्बी. आज आपण मुख्यतः पंधरा जणांच्या रग्बी युनियनबद्दल बोलतोय. सामना 80 मिनिटांचा. आंतरराष्ट्रीय सामन्यात बेंचवर आठ राखीव खेळाडू, म्हणजे एकूण 23 जणांचा संघ. प्रशिक्षकाला हवं तेव्हा हे आठ जण उतरवता येतात. पण डावपेच म्हणून एकदा बाहेर काढलेला खेळाडू सहसा परत येत नाही.

"सहसा" म्हटलं, कारण काही अपवाद आहेत. कुणाला रक्त आलं, तर मलमपट्टी होईपर्यंत, जास्तीत जास्त 15 मिनिटं, दुसरा येऊ शकतो. कुणाच्या डोक्याला मार बसल्याची शंका आली, तर त्याची तपासणी होते, तिला किमान 12 मिनिटं दिली जातात, आणि तेवढा वेळ बदली खेळाडू आत असतो. प्रतिस्पर्ध्याच्या धसमुसळेपणामुळे कुणी जखमी झाला, तर बाहेर बसलेला परत येऊ शकतो. आणि पुढच्या फळीतला, म्हणजे फ्रंट रोमधला खेळाडू जखमी झाला, तरीही. फ्रंट रोला ही खास सवलत का, ते पुढे सांगते.

80 मिनिटं कुणी टिकायचं?

या वादाचा इतिहास समजून घ्यायची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक काळात एकच प्रश्न विचारायचा: नियमाप्रमाणे किमान किती जणांना पूर्ण 80 मिनिटं खेळावंच लागतं?

1968 आधी आंतरराष्ट्रीय रग्बीत बदली खेळाडूच नव्हते. हाड मोडलं तर तुम्ही बाहेर, आणि तुमचा संघ उरलेला सामना 14 जणांत खेळणार. म्हणजे जे पंधरा उतरले, ते पंधराच. 1968 मध्ये दुखापत झाली तर बदली चालेल असं ठरलं, तीही दोनच. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटिश आणि आयरिश लायन्सचा संघ दक्षिण आफ्रिकेत होता. प्रिटोरियातल्या पहिल्या कसोटीत बॅरी जॉनचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि त्याच्या जागी माइक गिब्सन उतरला. आंतरराष्ट्रीय रग्बीतला तो पहिला बदली खेळाडू. म्हणजे आता किमान 13 जणांना शेवटपर्यंत टिकायचं होतं.

मग 1995 मध्ये रग्बी युनियन व्यावसायिक झाली, खेळाडूंना उघडपणे पैसे मिळू लागले. पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, दुखापत नसतानाही डावपेच म्हणून खेळाडू बदलायची मुभा मिळाली. बेंच वाढत वाढत सात आणि नंतर आठ जणांचं झालं. आता गणित करा. पंधरातून आठ वजा केले की उरले सात. आज फक्त सात जणांना पूर्ण सामना खेळावा लागतो. उरलेल्या आठ जागा दोघांत वाटून घेता येतात.

आणि रोलिंग आलं तर? आकडा शून्य. एकाही माणसाला पूर्ण 80 मिनिटं खेळायची सक्ती उरत नाही. पंधरा, तेरा, सात, शून्य. सगळा वाद या चार आकड्यांत आहे.

बॉम्ब स्क्वॉडची गोष्ट

आठ जण एकदाच बदलता येतात, तरी त्याचा किती फरक पडतो ते दक्षिण आफ्रिकेने दाखवून दिलं.

रग्बीत दोन प्रकारचे खेळाडू असतात. आठ फॉरवर्ड आणि सात बॅक. फॉरवर्ड म्हणजे धिप्पाड मंडळी, झुंजणारी, ढकलणारी. बॅक म्हणजे पळणारे, चेंडू फिरवणारे. बेंचवर साधारणपणे पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक ठेवायची पद्धत होती. 2019 च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिकेने सहा फॉरवर्ड आणि दोन बॅक ठेवले. समोरचे फॉरवर्ड दमायला लागले की यांची ताज्या दमाची फळी मैदानात. तिला नावच पडलं बॉम्ब स्क्वॉड. अंतिम सामन्यात त्यांनी इंग्लंडला 32-12 असं हरवलं.

2023 मध्ये ते आणखी पुढे गेले. ऑगस्टमध्ये लंडनच्या ट्विकनहॅमवर न्यूझीलंडविरुद्ध बेंचवर चक्क सात फॉरवर्ड आणि एकच बॅक. निकाल 35-7. न्यूझीलंडचा तोपर्यंतचा सगळ्यात मोठा पराभव. मग वर्ल्ड कपची उपांत्य फेरी. इंग्लंड 15-6 ने पुढे, जेमतेम दहा-अकरा मिनिटं बाकी. तिथून दक्षिण आफ्रिकेने 16-15 ने सामना काढला. ट्राय केला आर. जी. स्नायमनने, स्क्रममध्ये इंग्लंडला मागे रेटलं ऑक्स न्चेने, आणि 77 व्या मिनिटाला विजयाची किक मारली हँड्रे पोलार्डने. तिघंही बेंचवरून आलेले!

आता कल्पना करा, हीच फळी परत बाहेर जाऊन, विश्रांती घेऊन, पुन्हा येऊ शकली असती तर?

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं

रोलिंग हवं म्हणणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत.

पहिला मुद्दा दमण्याचा. दमलेला माणूस टॅकल करताना चुकतो. डोकं चुकीच्या बाजूला ठेवतो, पाय उचलत नाही, उभ्या उभ्याच जाऊन धडकतो. रग्बीत डोक्याच्या तपासणीची वेळ आणणारे जवळपास तीन-चतुर्थांश प्रसंग टॅकलमध्ये घडतात, आणि त्यात टॅकल करणाऱ्यालाच जास्त धोका असतो. मग दमलेल्याला बाहेर बसवणं शहाणपणाचं नाही का?

दुसरा मुद्दा प्रशिक्षकाच्या मनाचा. आज एखाद्याला थोडं लागलंय, पण नक्की किती ते कळत नाहीये, तर त्याला बाहेर काढणं म्हणजे त्या दिवसापुरतं गमावणं. म्हणून "खेळ अजून पाच मिनिटं, बघू" होतं. परत येता येणार असेल तर बाहेर काढताना हात आखडणार नाही.

तिसरा मुद्दा नशिबाचा. 2023 च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा हूकर बाँगी म्बोनाम्बी पहिल्या काही मिनिटांतच जखमी झाला. त्याच्या जागी आलेल्या 37 वर्षांच्या डिऑन फूरीला उरलेला जवळपास सगळा सामना खेळून काढावा लागला. बेंचवर फॉरवर्डची फौज होती, पण दुसरा हूकर नव्हता. दक्षिण आफ्रिका 12-11 ने जिंकली, म्हणून त्याची फार चर्चा झाली नाही. एका गुणाने हरले असते तर?

विरोधकांचं म्हणणं

आता दुसरी बाजू. तिचा सूर असा की दमणं हा रग्बीतला दोष नाही. ती या खेळाची परीक्षा आहे.

शारीरिक टक्कर नसलेल्या खेळात ताजा खेळाडू आला की खेळ वेगवान होतो, प्रेक्षक खूश. रग्बीत 130 किलोचा ताजा खेळाडू आला की समोर कोण आहे ते बघावं लागतं. समोर जर 70 मिनिटं पळून थकलेला 85 किलोचा बॅक असेल तर? म्हणजे दमलेल्याला विश्रांती द्या म्हणताना आपण एकाच बाजूचा विचार करतोय. ज्याला विश्रांती मिळाली त्याचा धोका कमी झाला, पण जो मैदानातच राहिला त्याच्या अंगावर येणारं वजन ताजं झालं. बेंचवर आठच माणसं. त्यात सगळ्या पंधरांना सारखी विश्रांती मिळत नाही. ती मिळते फॉरवर्डना.

आणि हे नुसतं आजचं नाही. 15-20 मिनिटं खेळून बाहेर यायचं असेल, तर प्रशिक्षक कसली माणसं निवडतील? जास्त जड, जास्त ताकदवान. दम कमी असला तरी चालेल. आज 120 किलोच्या प्रॉपलाही शेवटच्या मिनिटांत पळावं लागतं, म्हणून त्याच्या वजनाला आपोआप लगाम बसतो. तो लगाम सुटेल.

आयपीएल बघणाऱ्यांना हे पटकन कळेल. 2023 पासून तिथे इम्पॅक्ट प्लेयर आला. सामने धमाल झाले, धावांचे डोंगर उभे राहिले. पण रोहित शर्मानेच या नियमाबद्दल नाराजी बोलून दाखवली, कारण यात अष्टपैलू खेळाडू मागे पडतात. गोलंदाजीसाठी वेगळा माणूस आणता येत असेल तर अर्धी गोलंदाजी करणाऱ्याला चेंडू कोण देणार? रग्बीतला अष्टपैलू म्हणजे स्क्रममध्ये ढकलणारा आणि 75 व्या मिनिटालाही पळणारा फॉरवर्ड. रोलिंगमध्ये त्याचीच किंमत उतरते.

चुलत भावाने करून पाहिलंय

इथपर्यंत दोन्ही बाजू तुल्यबळ वाटतील. पण एक पुरावा असा आहे जो मला सगळ्यात वजनदार वाटतो. हा प्रयोग आधीच झालाय.

रग्बीची दोन घराणी आहेत. 1895 मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडचे क्लब पैशाच्या वादावरून वेगळे झाले आणि त्यातून पुढे तेरा जणांची रग्बी लीग झाली. ऑस्ट्रेलियात ती प्रचंड लोकप्रिय. तिथे 1990 च्या दशकात राखीव खेळाडूंना हवं तितक्या वेळा आत-बाहेर करायची मोकळीक मिळाली. म्हणजे अगदी आपण म्हणतोय तेच.

पुढे काय झालं? 2001 मध्ये मर्यादा आली, एका सामन्यात 12 बदल. 2008 मध्ये 10. 2016 मध्ये 8. दर वेळी आकडा खालीच. कारण उघड होतं. आडदांड फॉरवर्ड थोडा वेळ येऊन भिंत उभी करायचे, दमायच्या आत निघून जायचे. भिंतीला भगदाडच पडेना. चपळ, छोट्या चणीच्या खेळाडूंना जागा मिळेना. शेवटी ठरवावं लागलं की थकवा परत खेळात आणूया. ज्यांनी दार सताड उघडलं होतं, त्यांनीच ते एकेक पाऊल लोटत आणलं.

आणि दार उघडलं की त्यातून कोण कसं शिरेल ते सांगता येत नाही. 2009 चं ब्लडगेट प्रकरण आठवा. हाइनेकेन कपची उपांत्यपूर्व फेरी, लंडनचा हार्लेक्विन्स क्लब विरुद्ध आयर्लंडचा लेन्स्टर. हार्लेक्विन्सला शेवटी किक मारायला निक इव्हान्स हवा होता. पण तो आधीच बाहेर गेलेला. परत आणायची वाट एकच, कुणाला तरी रक्त यायला हवं. टॉम विल्यम्सने तोंडात नकली रक्ताची कॅप्सूल फोडली. एवढं करून सामना 6-5 ने हरलेच. प्रकरण बाहेर आलं, आणि हार्लेक्विन्सच्या रग्बीची सूत्रं सांभाळणारे डीन रिचर्ड्स यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. एका खेळाडूला परत आणण्याची किंमत संघाला किती वाटते, हे यावरून कळतं.

स्क्रमचं वेगळं प्रकरण

आता फ्रंट रोचं राहिलेलं सांगते. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांत खांदे अडकवून रेटतात. वरच्या पातळीवर एका बाजूचं वजन 900 किलोच्या आसपास जातं. हा सगळा भार पुढच्या तिघांच्या, म्हणजे दोन प्रॉप आणि एका हूकरच्या, मानेवर आणि पाठीवर येतो. स्क्रम कोसळला आणि मान अडकली तर मणक्याला इजा होऊ शकते. म्हणून तिथे शिकलेलाच माणूस लागतो. तो नसेल तर रेटारेटीशिवाय, नावापुरता स्क्रम होतो. म्हणूनच फ्रंट रोचा खेळाडू जखमी झाला तर बाहेर गेलेला परत येऊ शकतो. इथे रोलिंगचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि तो नियमाने आधीच मान्य केलाय.

मग गावच्या मैदानाचं काय?

आतापर्यंत आपण टीव्हीवर दिसणाऱ्या रग्बीबद्दल बोललो. पण रग्बी खेळणारे बहुतेक जण टीव्हीवर कधीच दिसत नाहीत. शनिवारी दुपारी कुठल्यातरी क्लबच्या तिसऱ्या संघात खेळणारा इलेक्ट्रिशियन. शाळेच्या संघात शेवटच्या क्रमांकाने निवडलेली मुलगी. त्यांच्यासाठी प्रश्नच वेगळा आहे. त्यांच्या संघात आज पंधरा जण जमतील का, इथून सुरुवात.

आणि गंमत म्हणजे नियमपुस्तकाला हे माहीत आहे. वर्ल्ड रग्बीच्या नियमांत खालच्या पातळीवरच्या स्पर्धांना रोलिंग बदल करायची सोय दिलेली आहे, जास्तीत जास्त 12 बदलांपर्यंत. इंग्लंडमध्ये वयोगटाच्या रग्बीसाठी 'हाफ गेम' म्हणून नियम आहे. संघात घेतलेल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा वेळ मैदानात मिळालाच पाहिजे. नुसतं जर्सी घालून थंडीत उभं करायचं नाही.

इथे रोलिंग कुणाला चिरडण्यासाठी वापरलं जात नाही. चाळिशीचा प्रॉप अर्ध्या तासाने बाहेर बसतो, श्वास घेतो, परत येतो. अकरावीतल्या मुलाला 15 मिनिटं मिळतात, आणि तो पुढच्या शनिवारी परत येतो. हे झालं नाही तर संघ बंद पडतो.

माझं मत

तर मला वाटतं, "रोलिंग हवं की नको" असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. बदलीचा नियम कुणासाठी आहे ते आधी विचारायला हवं.

जिथे माणसं कमी आहेत, तिथे रोलिंग हवंच. तिथे ते माणसाला खेळात ठेवतं. जिथे 23 पगारी, पूर्णवेळ कसरत करणारे खेळाडू आहेत, तिथे ते नको. तिथे ते ताकद आणखी साठवतं आणि समोरच्या थकलेल्या माणसावर सोडतं. किंबहुना वरच्या पातळीवर आज आहेत ते आठ बदलही कमी करावेत, असं म्हणणारे माजी खेळाडू आहेत. 2021 मध्ये लायन्सच्या काही दिग्गजांनी वर्ल्ड रग्बीला तशी विनंतीही केली होती, की बदल दुखापतीपुरतेच ठेवा. ते मला टोकाचं वाटतं, कारण मग खोट्या दुखापती आल्याच. ब्लडगेट विसरून कसं चालेल? पण दुखापत आणि डोक्याची तपासणी यांसाठीचे बदल वेगळे मोजून, डावपेचाचे बदल चार-पाचांवर आणता येतील. म्हणजे दहा-अकरा जणांना तरी 80 मिनिटांचा विचार करून अंग कमवावं लागेल.

हे सगळं किती गंभीर आहे? इंग्लंडचा हूकर स्टीव्ह थॉम्पसन 2003 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघात होता. डिसेंबर 2020 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, त्याने आपल्याला डिमेन्शिया झाल्याचं सांगितलं. तो अंतिम सामना जिंकल्याचं त्याला आठवत नाही. एका बदलीच्या नियमाने असं काही घडतं किंवा टळतं असा माझा दावा नाही. पण कुठलाही नियम बदलताना मैदानात कोण कुणावर आदळणार आहे, हे आधी बघायचं, एवढं तरी यातून शिकता येतं.

आपल्याकडचं बोलायचं तर मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर रग्बी जुनीच आहे, आणि 2025 च्या जूनमध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली ती सात-सात जणांच्या सेव्हन्सची. आपल्याकडे खेळ अजून वाढतोय. म्हणजे आपला प्रश्न बॉम्ब स्क्वॉडचा नाही, पोरं-पोरी मैदानात टिकवण्याचा आहे. शाळा-कॉलेजच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी तर बेंचवरच्या प्रत्येकाला उतरवता येईल असे नियम बिनधास्त ठेवावेत.

तर आता तुमची पाळी. तुम्ही जो खेळ खेळता, मग तो कबड्डी असो, हॉकी असो की टर्फवरचं फुटबॉल, तिथे बदलीचा नियम कुणाच्या फायद्याचा आहे? बेंचवर बसलेल्याच्या, की आधीच बलवान असलेल्या संघाच्या? आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, मिनिटभराची पुरे. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवू. तोपर्यंत खेळत राहा, आणि दमलात तर बिनधास्त सांगा!